खाऱ्या बांगड्याची सुरी: मालवणच्या एका खानावळीतलं गंजाचं प्रकरण

खानावळ मालवणात, किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर. दुपारी शंभरेक पानं उठतात, रात्री त्याच्या निम्मी. चुलतभाऊ बाजार आणि गल्ला सांभाळतो, वहिनी स्वयंपाकघर सांभाळतात आणि काकी त्या दोघांना सांभाळतात. माझं पोट कारखान्यांतल्या टाक्या नि पाइपलाइनी गंजण्यापासून वाचवण्यावर चालतं. म्हणून एका जूनमध्ये वहिनींनी फोनवर सुनावलं, "भावजी, जगाचे पाइप बघता, आमच्या सुऱ्या कोण बघणार?"

तक्रार अशी होती. पाऊस सुरू झाला की सुऱ्यांवर गंज चढतो. रात्री घासून-पुसून ठेवलेली सुरी सकाळी उचलावी तर पात्यावर तांबूस ठिपके. पहिला कांदा चिरला की फोडींवर करडी छटा, लिंबू कापलं की रसाला लोखंडाचा वास. एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने आत डोकावून "धनुर्वात व्हायचा हो" असा टोमणाही मारला होता. (धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, गंजाशी त्यांचं काही नातं नाही. पण जेवायला आलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो.)

हे सगळं गेल्या दोन पावसाळ्यांतलं, त्याआधी असं नव्हतं, हे तिघंही एकमुखाने सांगत होते. एकमत तेवढ्यावरच होतं. भावाच्या मते लोखंडच हलकं. वहिनींच्या मते समुद्राची हवा. भांडी घासायला येणाऱ्या बाई पुसण्यात कुचराई करतात अशीही एक शंका. काकींना तर तक्रारच मान्य नव्हती: "लोखंड पावसात गंजताच, त्येका वैद्य कित्याक व्हयो?" पण समुद्राची हवा खानावळ निघण्याच्या आधीपासून तिथेच आहे, आणि बाईही जुन्याच. तेव्हा दोन वर्षांपूर्वी नेमकं काय बदललं, तिथून सुरुवात केली.

बदल तीन निघाले. स्वयंपाकघराची डागडुजी झाली तेव्हा चूल काढून गॅसच्या शेगड्या आल्या. भिंतीला टाइल्स लागल्या, आणि सिंकच्या वर सुऱ्या चिकटवून ठेवायची चुंबकाची पट्टी बसली. आणि क्रूझवर शेफ असलेल्या भाच्याने मामीला एक जपानी सुरी आणून दिली. तिन्ही गोष्टी एकाच उन्हाळ्यातल्या, त्यामुळे कुणावर ठपका ठेवायचा ते नुसतं बसून ठरवता येईना.

हत्यारं आणि त्यांचं लोखंड

सगळ्यात जुनी विळी. चाळीसेक वर्षांची, पातं काळंभोर, धारेची कड तेवढी पांढरी. मग दोन कोयत्या, कुडाळकडच्या लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून घडवलेल्या. पाट्याच्या पोलादात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो. सिलिकॉन किंवा क्रोमियमही थोडं असतं, पण ते लवचिकपणासाठी, गंज रोखायला ते पुरत नाही. त्याच लोहाराच्या दोन सुऱ्या. आणि ती जपानी सुरी.

या सुरीकडे जरा जवळून बघावं लागतं. तिच्या धारेचं पोलाद म्हणजे लोखंड आणि सुमारे १ टक्क्याहून थोडा जास्त कार्बन, बाकी जवळजवळ काही नाही. त्यामुळे ती इतकी कडक होते आणि धार इतकी बारीक घेते. पण हे पोलाद फक्त मधोमध असतं. दोन्ही बाजूंनी त्याला मऊ लोखंडाचं अस्तर असतं, म्हणजे दगडावर घासताना सोपं जातं आणि पातं तडकत नाही. दोहोंच्या मधे एक नागमोडी रेघ दिसते. गंजाचे ठिपके या रेघेच्या वर, अस्तरावर जास्त होते, धारेकडे कमी. भावाच्या 'हलक्या लोखंडा'त एवढं तथ्य होतं खरं. पण लोहाराच्या सुऱ्यांना अस्तर नव्हतं, तरी त्या गंजत होत्याच.

स्टेनलेसमध्ये क्रोमियम किमान १०.५ टक्के असतं. त्याचा एक अतिपातळ ऑक्साइड थर पृष्ठभागावर बसतो आणि ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा भरून येतो. साध्या पोलादाला ही सोय नाही. त्याचा गंज फुगतो, मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो, भुसभुशीत असतो आणि खालच्या लोखंडाला झाकण्याऐवजी पाणी धरून ठेवतो. मग "सगळं स्टेनलेस का घेत नाही?" हा प्रश्न भावाने पहिल्याच दिवशी विचारला होता, आणि तो वाजवी होता. वहिनींचं उत्तर त्याहून वाजवी होतं. बाजारातल्या स्वस्त स्टेनलेसला दुपारपर्यंत धार राहत नाही. कोयती मात्र वहिनी दगडावर चार वेळा ओढतात आणि पुढच्या कामाला लागतात.

खरा धागा हाती लागला तो विळीमुळे. हवा तीच, विहिरीचं पाणी तेच, घासणारे हातही तेच. तरी विळीवर गंजाचा ठिपका नाही, कोयत्यांवर थोडा आणि सुऱ्यांवर भरपूर. असं का?

मीठ सापडलं ते असं

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, हे शाळेत शिकवतात. पाणी डोळ्यांना दिसलंच पाहिजे असं नाही, हे सहसा सांगत नाहीत. हवेतली आर्द्रता एका मर्यादेपलीकडे गेली की लोखंडावर न दिसणारा ओलावा बसतो आणि तेवढ्यावर काम सुरू होतं. स्वच्छ लोखंडासाठी ही मर्यादा ६० टक्क्यांच्या आसपास आहे. इंग्लंडमध्ये गंजावर संशोधन करणाऱ्या व्हर्नन यांनी १९२० आणि १९३०च्या दशकांत केलेल्या प्रयोगांतून ती पुढे आली, आणि आमच्या धंद्यात आजही गोदामांची आर्द्रता ठरवताना तीच डोक्यात असते.

खानावळीत आर्द्रतामापक लावला. रात्री अकराला, भांडी आवरून झाल्यावर, सिंकजवळ ९१ टक्के. तापमान २८ अंश. अशा हवेत दवबिंदू २६ अंशांच्या जरासा वर असतो. म्हणजे पातं हवेपेक्षा दोनच अंशांनी थंड झालं तरी त्यावर दव धरतं. चुंबकाची पट्टी बाहेरच्या भिंतीवर आणि त्या भिंतीवर रात्रभर पावसाचा मारा. टाइल्सवरून बोट फिरवलं तर ओलं. सुऱ्यांची रात्र जात होती ती इथे.

पण लोहाराच्या दोन सुऱ्यांपैकी एक कमी गंजत होती, आणि दोन्ही त्याच पट्टीवर असायच्या. शिवाय गंज सगळीकडे सारखा नव्हता. मुठीजवळच्या दोन-तीन बोटांत आणि पात्याच्या मधोमध पट्टा होता, टोक स्वच्छ. नुसत्या दवाने असा पट्टा पडत नाही. वहिनींना विचारलं, या सुरीने काय कापता? त्यांनी यादी सांगितली, आणि यादीत मधेच खारा बांगडा आला.

आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. ताजी मासळी मिळते ती थोडी आणि महाग. मग खानावळीच्या पानावर सुकट, सोडे, बोंबील आणि खारा बांगडा येतो. बांगडा भिजवायचा, डोकं-शेपटी उडवायची, काटा सोडवायचा, तुकडे करायचे. हे काम पूर्वी विळीवर व्हायचं. जपानी सुरी आल्यापासून तिच्यावर आणि लोहाराच्या एका सुरीवर होऊ लागलं, कारण त्या चालतात भराभर. म्हणजे जून ते जुलै, नेमक्या सगळ्यात दमट दिवसांत, सुरी रोज मिठात.

"पण धुतो की!" वहिनी म्हणाल्या. धूत होत्याच. म्हणून बॅगेतली सिल्व्हर नायट्रेटची बाटली काढली. ही चाचणी आम्ही टाक्या रंगवण्याआधी करतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी घेतलं, त्यात कापूस भिजवून 'धुतलेल्या' सुरीचं पातं पुसलं आणि तो कापूस काचेच्या पेल्यात पिळला. नायट्रिक ॲसिडचा थेंब, मग सिल्व्हर नायट्रेटचा थेंब. पेल्यातलं पाणी दुधाळ झालं. क्लोराइड, म्हणजे मीठ. कोऱ्या कापसाचं पाणी नितळ राहिलं होतं, म्हणजे दोष कापसाचा नव्हता. विळीच्या पाण्यात जेमतेम धुकं आलं. आणि विहिरीचं पाणी तपासलं तर तेही किंचित गढुळलं. किनाऱ्यालगतची विहीर, त्यात नवल नाही. पण सुरीच्या पाण्यापुढे ते काहीच नव्हतं.

पेला हातात धरून वहिनी बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "बाई तर घासून घासून बोटं झिजवतात." बाईंवरचा आळ तिथे उतरला. घासल्याने मांस आणि तेल जातं. मीठ जायला वाहतं पाणी लागतं, आणि पावसाळ्यातली पद्धत म्हणजे एका घमेल्यात सगळी हत्यारं बुडवून काढायची. त्या घमेल्यातच बांगड्याचं मीठ उतरलेलं असायचं.

मीठ काय करतं ते खानावळीत रोज दिसतं. बरणीतलं जाडं मीठ पावसात पाझरतं. शुद्ध मीठ आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळतं. मिठागरातल्या जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते ३३ टक्क्यांपासूनच पाणी ओढतं. म्हणजे मिठाचा पुसट लेप असलेलं पातं कापडाने कितीही कोरडं केलं तरी पुन्हा स्वतःहून ओलं होतं. शिवाय त्या ओलाव्यातून वीज सहज वाहते, आणि गंजणं ही मुळात वीज वाहण्याचीच क्रिया आहे. क्लोराइड लोखंडावरचा उरलासुरला संरक्षक थर भोकं पाडून फोडतं. भोकाच्या तळाशी ते साठत जातं, म्हणून गंज वरून पुसला तरी त्याच जागी परत येतो.

लोहाराच्या पट्ट्या

तीन बदलांतला कुठला किती दोषी हे ठरवायला लोहाराकडून पाट्याचे उरलेले तुकडे आणले, घासून लखलखीत केले आणि चार प्रकारे तयार केले. नुसता स्वच्छ, स्वच्छ करून वर खोबरेल तेल, बांगड्याच्या पाण्यात बुडवून कापडाने कोरडा पुसलेला, आणि तसाच पुसून वर खोबरेल तेल लावलेला. असे दोन संच. एक सिंकच्या पट्टीवर, दुसरा एका लाकडी फडताळात, ज्यात जुन्या पद्धतीचा ४० वॅटचा पिवळा बल्ब लावला होता.

सिंकवर खाऱ्या पाण्यातला तुकडा सकाळीच तांबडा. स्वच्छ तुकड्यावर पुसट झाक. स्वच्छ आणि तेल लावलेला जसाच्या तसा. बघण्यासारखा होता तो चौथा, मिठावर तेल लावलेला. पहिल्या सकाळी तो छान दिसत होता. दोन-तीन दिवसांत तेलाच्या खालून टाचणीच्या डोक्याएवढे काळे-तांबडे ठिपके उगवले, आणि पुसून गेले नाहीत. वहिनी दोन वर्षं नेमकं हेच करत होत्या: रात्री पुसून तेलाचा हात. तेलाने मीठ आत कोंडलं जात होतं.

फडताळातला स्वच्छ तुकडा तेलाशिवायही चकचकीत राहिला. त्यामागचा हिशोब सोपा आहे. २७ अंशांची, ९० टक्के दमट हवा ३४ अंशांपर्यंत तापवली की तेवढ्याच बाष्पाला आर्द्रता ६० टक्क्यांवर येते. बाष्प कुठे गेलेलं नसतं, पण लोखंडाच्या दृष्टीने हवा सुकते. कोकणात कपड्यांना बुरशी येऊ नये म्हणून कपाटात बल्ब लावतात ते याचसाठी. (एलईडी लावून उपयोग नाही, तो पुरेसा तापत नाही.) पण खारा तुकडा फडताळातही गंजला, हळू, तरी गंजलाच. म्हणजे कोरडी जागा मिठाला माफी देत नाही.

यात चुलीचाही खुलासा झाला. विळी आणि कोयत्या पूर्वी चुलीमागच्या भिंतीला असायच्या. निखारे रात्रभर धुमसत, भिंत सकाळीही कोमट असे. "चुलीर टांगलेली कोयती कधी गंजली नाय," असं काकी पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या, आणि आम्ही ते जुन्या काळाचं कौतुक समजून कानाआड करत होतो. विळी तर अजूनही गॅसच्या शेगडीजवळ, कोरड्या कोपऱ्यात असते. दिवसभर तिच्यावर खोबऱ्याच्या कातळ्या आणि फणस. फणसाचा चीक चिकटू नये म्हणून तिला खोबरेल तेल आपोआप लागतं. कांदे, कैऱ्या, केळफूल यांनी चाळीस वर्षांत तिच्यावर काळा थर चढलाय तो वेगळाच.

काय केलं

सगळ्यात आधी बांगडा सुरीवरून काढला. खाऱ्या मासळीसाठी एक बऱ्यापैकी स्टेनलेस सुरी घेतली. तिला धार कमी राहते, पण सुक्या बांगड्याला ती पुरते. साध्या पोलादावर माझं कितीही प्रेम असलं तरी रोज मिठात बुडवायला ते योग्य नाही, हे मान्य करायला हवं. अर्थात स्टेनलेसलाही मीठ सुटत नाही. दिवसेंदिवस खारट राहिलं तर त्यालाही बारीक खड्डे पडतात, म्हणून तीही वाहत्या पाण्याखाली.

बाकीच्यांसाठी रात्रीचा क्रम ठरवला आणि तो सिंकवर चिकटवला. आधी काथ्या आणि साबण. मग नळाच्या धारेखाली, घमेल्यात नाही. शेवटी गिऱ्हाइकांसाठी बसवलेल्या आरओ फिल्टरचं पाणी उकळून पात्यावर ओतायचं. उकळल्याने पाण्यातलं मीठ जात नाही, ते काम फिल्टरचं. पण तापलेलं पातं पुसल्यावर अर्ध्या मिनिटात आपोआप सुकतं, मुठीच्या सांध्यातलासुद्धा ओलावा पुष्कळसा निघतो. कापड कोरडं हवं, खांद्यावरचं नको. मग खोबरेल तेलाचे दोन थेंब, आणि ते लावून पुन्हा पुसून काढायचं. मग फडताळ.

तेल खोबरेलच का, तर भावाने आधी सूर्यफुलाचं वापरलं होतं आणि पात्यावर पिवळट चिकट पापुद्रा धरला होता. अशी तेलं हवेने घट्ट होतात, जवसाचं तर रंगकामात त्यासाठीच वापरतात. खोबरेल तेल तसं होत नाही, खवटही लवकर होत नाही, आणि जेवणात गेलं तर बिघडत नाही. जपानात याच कामाला कॅमेलियाच्या बियांचं तेल वापरतात. ते मागवण्याची भावाची फार इच्छा होती, पण मालवणात बसून परदेशातून तेल मागवणं मला पटलं नाही.

पाणी तापवतोच आहोत तर सरळ गॅसवर पातं शेकून घेऊ, असं एकदा सुचवलं गेलं. ते मात्र निक्षून बंद केलं. हे पोलाद कडक केल्यावर त्याचा ठिसूळपणा घालवायला शेवटी साधारण १५० ते २०० अंशांवर तापवलेलं असतं. ज्योतीवर धारेची पातळ कड काही सेकंदांत त्याच्या पुढे जाते. धारेवर निळी झाक आली म्हणजे ती ३०० अंशांच्या आसपास जाऊन आली, आणि तिथली कडकी गेली. शंभर अंशांच्या पाण्याने काही होत नाही.

जुना गंज काढायला बारीक पॉलिश पेपर आणि तेल, धारेला समांतर. मग विळीसारखा काळा थर मुद्दाम चढवायचा होता. तांबडा गंज आणि हा करडा-काळा थर, दोन्ही लोखंडाचीच ऑक्साइडं. फरक असा की काळा थर, ज्यात मुख्यतः मॅग्नेटाइट असतं, पात्याला घट्ट चिकटून बसतो आणि पुढच्या गंजाची गती कमी करतो. वहिनींनी कोकमाचं आगळ पुढे केलं. आम्लता बरोबर होती, पण आगळात मीठ घातलेलं असतं, म्हणून बाद. साधं व्हिनेगर कोमट करून चोळलं. सुरी साबणाने अगदी तेलरहित केलेली होती, तरी एका जागी बोट लागलं होतं तिथे ठसा तसाच पांढरा राहिला. दहा मिनिटांत अस्तर शिशाच्या रंगाचं झालं, धारेचं पोलाद उजळ राहिलं आणि मधली नागमोडी रेघ अशी उठून आली की काकीही चष्मा लावून बघायला आल्या. सोड्याच्या पाण्याने आम्ल मारलं. मग कडक काळा चहा आणि त्यात हिरड्याची पूड. हिरड्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून निळसर काळं होतं. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची शाई पूर्वी बोरूला लागत असे, तीच रसायनं. हा थर चढल्यावर कांद्यावरची करडी छटाही थांबली.

थर म्हणजे कवच नव्हे, हे वहिनींना सांगावं लागलं. धार लावली की कडेचा थर जातो आणि तिथलं लोखंड उघडं पडतं. दगडावरून उतरलेली सुरी म्हणूनच सगळ्यात आधी धारेवर गंजते, आणि तो गंज डोळ्यांना दिसतही नाही. नुसतं जाणवतं की काल लावलेली धार आज बोथट आहे. धार लावल्या रात्री तेल चुकवायचं नाही, एवढाच नियम.

मुठींचं काम राहिलं होतं. जपानी सुरीचं शेपूट, म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग, लाकडी मुठीत नुसतं ठोकलेलं असतं, सांध्याशी बारीक फट राहते. तिथे मधमाश्यांचं मेण वितळवून भरलं. कोयत्यांच्या मुठींत लोहाराने लाख भरली होती, पण ती वाळून तडकली होती.

नाही म्हटलेले दोन उपाय

लिंबू-मीठ. गंज काढायला हा उपाय जो तो सांगतो, आणि गंज निघतोही, म्हणून तो टिकून आहे. पण लिंबाने उघड्या केलेल्या लोखंडावर वर मीठ चोळणं म्हणजे पुढच्या गंजाची पेरणी. खड्ड्यांत गेलेलं क्लोराइड मग सहजी निघत नाही. समुद्रातून काढलेल्या लोखंडी तोफा संग्रहालयवाले अल्कधर्मी पाण्यात महिनोन्महिने बुडवून ठेवतात ते याच्यासाठी. सुरीसाठी कोण एवढं करणार?

दुसरा उपाय राख. तो अर्धा बरोबर आहे. राखेचं पाणी अल्कधर्मी असतं आणि तशा पाण्यात लोखंड फारसं गंजत नाही, म्हणून आजीच्या काळी राखेने घासलेली हत्यारं टिकली. पण राखेतले क्षार स्वतः ओलावा धरतात. राखेने घासून खळखळून धुतलं तर उत्तम, नुसतं झटकून ठेवलं तर नाही.

एका गिऱ्हाइकाने, निवृत्त शिक्षक, दिल्लीच्या लोहस्तंभाचा दाखला दिला: सोळाशे वर्षं उघड्यावर, आणि तुमची सुरी एका रात्रीत? त्या स्तंभाच्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे आणि त्यामुळे त्यावर एक चिवट थर बसला आहे, हे आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवलं. पण सुरीच्या पोलादात तेवढा फॉस्फरस घातला तर ते ठिसूळ होईल. आणि दिल्लीत खारा बांगडा कापायला कुणी तो स्तंभ वापरत नाही. गुरुजी हसले, पण पटलेलं दिसलं नाही.

ऑक्टोबरपर्यंत

जपानी सुरी आणि लोहाराची एक सुरी तो पावसाळा डागाशिवाय निघाली. मधे एका लग्नाच्या ऑर्डरच्या रात्री सगळे दमून झोपले आणि सुऱ्या धुऊन सिंकवरच राहिल्या. सकाळी पुसट तांबूस झाक होती, ती तेलाच्या बोळ्याने निघाली. त्याच चुकीला आदल्या वर्षी पॉलिश पेपर लागला असता. वीज दोन-दोन दिवस गेली तेव्हा फडताळाचा बल्ब बंद आणि आतली हवा बाहेरच्याइतकीच दमट. तेव्हा तेलानेच निभावलं. नंतर भावाने चुंबकाची पट्टी काढून गल्ल्यामागे लावली, आता तिच्यावर बिलांचा टाचणखिळा आणि बाटल्या उघडायची चावी असते.

लोहाराची दुसरी सुरी, दोन वर्षं बांगड्यावर चाललेली, वाचली नाही. वरून साफ होते, चार दिवसांनी त्याच खड्ड्यांतून पुन्हा तांबडे थेंब येतात. सोड्याच्या पाण्यात उकळून बघितलं, थोडा फरक पडला, पुरेसा नाही. ती आता सुंभ आणि पुठ्ठे कापायला परसात आहे.

कोयत्यांचा प्रश्न उरलाच आहे. त्या शेतावरही जातात, कमरेच्या आकडीत, पावसात, आणि परत येतात तेव्हा स्वयंपाकघराचा क्रम कुणाच्या लक्षात राहत नाही. त्यांच्यासाठी खोबरेल तेलात मेण वितळवून एक घट्ट मलम करून दिलंय. पातं त्याने ठीक आहे. पण एका कोयतीची मूठ सप्टेंबरात हलायला लागली. उघडली तर आतलं शेपूट निम्मं खाल्लेलं होतं, फुगलेल्या गंजाने लाकूड आतून चिरलं होतं. लाख तडकली तेव्हापासून पाणी आत जात असणार. लोहार गणपतीनंतर भात कापणीच्या विळ्यांत अडकलेला असतो, म्हणून ती दिवाळीच्या आधी त्याच्याकडे गेली: नवं शेपूट जोडायला, नवी मूठ घालायला, आणि या वेळी लाखेच्या वर मेणही भरायला सांगून.